तरुण कलावंत आणि बक्षिसांचे दाते



दिवाळी सरली, हवेंत थोडा गारवा आला, कीं आपल्याकडे कलामहोत्सवांचे दिवस सुरू होतात, ते थेट शिमग्यापर्यंत चालतात. गांवोगांवीं मांडव पडतात. कोठें गाणें, कोठें एकांकिका, कोठें चित्रांचें प्रदर्शन. आणि अलीकडे बहुतेक ठिकाणीं शेवटच्या दिवशीं तरुण कलावंतांना बक्षिसें वांटण्याचा समारंभ असतोच असतो. अशा समारंभांना मी पुष्कळदां गेलों आहें. कधीं प्रेक्षक म्हणून, कधीं परीक्षक म्हणून, आणि नोकरींत असतांना शाळेच्या मुलांना सांभाळणारा मास्तर म्हणून तर कितीदां तरी. तेथील देखावा आपल्या ओळखीचा असेल. व्यासपीठाच्या मागें एक भला मोठा पडदा असतो. त्यावर बक्षीस देणाऱ्या पेढीचें नांव हातभर उंचीच्या अक्षरांत, महोत्सवाचें नांव त्याच्या निम्म्यानें, आणि ज्या मुलाला किंवा मुलीला बक्षीस मिळालें त्याचें नांव कोठेंच नसतें. तें निवेदकाच्या हातांतल्या चिठोऱ्यावर असतें आणि पुष्कळदां चुकीचें वाचलें जातें. मग दारापेक्षां मोठा असा पुठ्ठ्याचा एक चेक दोन माणसें धरून आणतात. छायाचित्र निघतें. दात्यांच्या औदार्यावर एक वक्ता पंधरा मिनिटें बोलतो, आणि ज्या चित्राला किंवा ज्या गाण्याला तें बक्षीस मिळालें, त्याविषयीं कोणी पंधरा शब्दहि बोलत नाहीं.

मला येथें दात्यांची थट्टा करावयाची नाहीं. पैसा देणारा नसेल तर मांडव पडत नाहीं, तबलजीची बिदागी भागत नाहीं, आणि खेड्यांतून आलेल्या पोरांना रात्रीं जेवण मिळत नाहीं, हें मीं स्वतः वर्गणी गोळा करीत हिंडून अनुभवलें आहे. माझें म्हणणें एवढेंच, कीं तरुण कलावंताला बक्षीस देणें हें काम दिसतें त्यापेक्षां जोखमीचें आहे. प्रौढ कलावंताला आपल्या कामाची किंमत ठाऊक झालेली असते. बक्षीस मिळालें तर तो हंसून घेतो, न मिळालें तर हंसून सोडतो. अठरा-वीस वर्षांच्या पोराचें तसें नसतें. आपण करतों त्यांत कांहीं आहे कीं नाहीं, हा एकच प्रश्न घेऊन तो तुमच्या मांडवांत आलेला असतो, आणि तुम्ही ज्याला बक्षीस म्हणतां त्याला तो त्या प्रश्नाचें उत्तर समजतो. तें उत्तर कोण देतो, कशाच्या आधारें देतो, आणि त्यांत पैसे देणाऱ्याचा हात कोठपर्यंत पोंचावा, ह्याविषयीं आज बोलावें असें मनांत आहे.

पूर्वीं ही पंचाईत थोडी सोपी होती. ज्यांना आज आपण प्रायोजक म्हणतों ते त्या काळचे आश्रयदाते, आणि आश्रयदाता व परीक्षक हे बहुधा एकच असत. संस्थानिक गाणें ऐके, स्वतःच्या कानानें पसंत करी आणि स्वतःच्या हातानें शेला-पागोटें देई. निवड चुकली तर ती त्याची चूक असे, आणि दरबारांतले जाणते ती ओळखून मनांत हंसत. ह्या एकट्याच्या पारखीचें मला आवडणारें उदाहरण मात्र दरबारांतलें नाहीं. तें कोंकणांतल्या एका देवळाच्या भिंतीवरचें आहे. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर हे १८९१ सालीं अलिबागजवळच्या सासवणें ह्या गांवीं जन्मले. लहान वयांतच त्यांनीं गांवच्या देवळाच्या भिंतीवर शिवाजीमहाराजांचें चित्र काढलें होतें. जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या तें दृष्टीस पडलें. हें कोणीं काढलें याची त्यांनीं चौकशी केली, आणि त्या मुलाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकावयास मिळावें म्हणून खटपट केली. ढाल नाहीं, पेला नाहीं, समारंभ नाहीं, पडद्यावर नांव नाहीं. एक माणूस एका भिंतीपुढें थांबला, त्यानें नीट पाहिलें, आणि ह्या मुलाला आतां कशाची गरज आहे हें ओळखून तेवढें केलें. पुण्यांत १९२८ सालीं उभारलेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा ह्याच करमरकरांच्या हातचा. तो पाहतांना मला त्या घोड्याइतकीच त्या देवळाच्या भिंतीची आठवण होते.

पुढें व्यक्तीच्या जागीं मंडळें आलीं. मुंबईची बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ सालीं स्थापन झाली. तिच्या वार्षिक प्रदर्शनांनीं पदक म्हणजे काय असतें हें आमच्या इकडच्या चित्रकारांना दाखविलें. पैसे एकाचे, पारख दुसऱ्याची आणि पदकावर नांव तिसऱ्याचें, अशी वांटणी अशाच प्रदर्शनांतून आपल्या अंगवळणीं पडली. तिचा लाभ लहान नव्हता. आरंभीं त्या सोसायटींत युरोपियन मंडळींचें प्राबल्य होतें. तेथें कोल्हापुराहून आलेल्या महादेव विश्वनाथ धुरंधरांच्या चित्राला १८९५ सालीं सुवर्णपदक मिळालें. धुरंधर तेव्हां अठ्ठावीस वर्षांचे होते. परीक्षक त्यांचे नात्याचे नव्हते, गांवचे नव्हते, जातीचे नव्हते, भाषेचे देखील नव्हते. परक्याच्या तोंडून आलेल्या शाबासकीला घरच्या शाबासकीहून वेगळें वजन असतें, आणि मंडळ नांवाच्या गोष्टीचा खरा उपयोग हाच आहे.

परंतु मंडळ आलें कीं मंडळाचे हितसंबंधहि त्याच्याबरोबर खुर्चीवर येऊन बसतात. पेशवाईंत श्रावणमासीं विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वांटली जात असे, हें आपण ऐकलें असेल. इंग्रजी अमलांत ती प्रथा आटत गेली, आणि कांहीं सुधारकांच्या मागणीवरून त्या पैशाचा एक भाग मराठी ग्रंथकारांना उत्तेजन देण्याकडे वळविण्यांत आला. १८५१ सालीं दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वांत आली. कल्पना उत्तम होती. दान होतें त्याचें बक्षीस झालें. १८५५ सालीं जोतीराव फुल्यांनीं ‘तृतीय रत्न’ नांवाचें नाटक लिहून ह्या कमिटीकडे दिलें. त्यांचें वयहि तेव्हां अठ्ठावीसच. भोळ्या कुणबी नवरा-बायकोला एक जोशी कसा नागवितो आणि विद्येनें त्यांचे डोळे कसे उघडतात, असा त्याचा विषय. कमिटीनें नाटक नाकारलें. ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढें कमिटीचें कांहीं चाललें नाहीं, असें जोतीरावांनीं पुढें ‘गुलामगिरी’त स्वतःच नमूद केलें आहे. तें नाटक छापून लोकांपुढें आलें १९७९ सालीं. म्हणजे सव्वाशें वर्षांना एक वर्ष कमी. मराठी रंगभूमीचे अभ्यासक आज त्याला आरंभीच्या सामाजिक नाटकांत मानाचें पान देतात. पण मला राहून राहून वाटतें तें निराळेंच. ज्याच्यावर नाटक लिहिलें होतें तोच परीक्षकाच्या आसनावर बसला होता, आणि पैसा कोणा एकाच्या घरचा नव्हे, सरकारी तिजोरींतला होता. तेव्हां व्यापाऱ्याचा पैसा वाईट आणि सरकारचा पैसा स्वच्छ, अशी जी सोपी समजूत कांहीं विद्वान मंडळी बाळगून असतात, तिच्यांत फारसा अर्थ नाहीं.

जोतीरावांच्या हातीं नकार आला. एका तरुण चित्रकर्तीच्या हातीं बक्षीस आलें आणि तिनें तें परत केलें, तीहि हकीकत ऐकण्यासारखी आहे. अमृता शेरगिल १९१३ सालीं जन्मल्या. पॅरिसला शिकत असतांना, वयाच्या विसाव्या वर्षीं, तेथल्या मोठ्या प्रदर्शनांत त्यांना १९३३ सालीं सुवर्णपदक मिळालें होतें. हिंदुस्थानांत परतल्यावर १९३५ सालीं त्यांनीं सिमल्याच्या कलासंस्थेच्या प्रदर्शनाला दहा चित्रें पाठविलीं. संस्थेनें त्यांतलीं पांच परत केलीं आणि ठेवलेल्यांपैकीं एकाला एका संस्थानिकाच्या नांवचें पारितोषिक दिलें. अमृताबाईंनीं तें पारितोषिक नाकारलें. जीं चित्रें त्यांना स्वतःला मोलाचीं वाटत होतीं तीं नापसंत करणाऱ्यांची शाबासकी त्यांना नको होती. दोन वर्षांनीं, १९३७ सालीं, त्यांच्या ‘तीन मुली’ ह्या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचें सुवर्णपदक मिळालें. तें मात्र त्यांनीं घेतलें. १९४१ च्या डिसेंबरांत त्या वारल्या. वय पुन्हां अठ्ठावीसच.

ही हकीकत वर्गांत सांगितली कीं मुलांचे डोळे चमकत. पण बक्षिसें परत करा, असा उपदेश मीं कधीं केला नाहीं. अमृताबाईंचें घर सुखवस्तु होतें आणि पॅरिसचें पदक त्यांच्या पेटींत होतें. रिक्षा चालविणाऱ्याच्या मुलाला पांच हजारांचा चेक परत करण्याचा बाणेदारपणा परवडत नाहीं. आणि बाणेदारपणा हा ज्याला परवडतो त्यालाच शोभून दिसावा अशी व्यवस्था आपण मोठ्यांनीं करून ठेवणें, हें कांहीं बरें नाहीं.

आतां एक घरची गोष्ट सांगतों. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वींची. गांवाचें नांव सांगत नाहीं, कारण त्यांतलीं माणसें हयात आहेत, आणि तीं वाईट नाहींत. एका तालुक्याच्या गांवीं कलामहोत्सवांत तरुण चित्रकारांची स्पर्धा ठेवली होती. वय सोळा ते बावीस. पहिलें बक्षीस पांच हजार रुपयांचें. त्या काळीं त्या गांवीं ही रक्कम लहान नव्हती. तें देणारे गृहस्थ तेलाचे मोठे व्यापारी. विषय होता ‘घरांतला दिवा’. तीन परीक्षकांत मी एक होतों. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें आणि चित्रकलेचें ज्ञान त्याहून कमी. पण मास्तराला सगळें कळतें अशी आपल्याकडे समजूत आहे, आणि ती दूर करण्याची घाई मास्तरांनाहि नसते. दुसरे परीक्षक शेजारच्या शाळेंतले ड्रॉइंग मास्तर, तिसरे गांवांतले एक डॉक्टर.

पन्नासएक चित्रें भिंतीला लावलीं होतीं. समया, निरांजनें, आकाशकंदील, दिवाळीच्या ओळीच्या ओळी. पाहतां पाहतां एका चित्रापाशीं आम्ही तिघेहि थांबलों. एक म्हातारी उंबऱ्याशीं उकिडवी बसली आहे आणि जमिनीवरच्या मिणमिणत्या पणतींत वाटीनें तेल घालीत आहे. वाटी कललेली, मनगट आंखडलेलें, आणि तेलाची धार इतकी बारीक, कीं पणती भरण्यापूर्वीं वाटी रिकामी होते कीं काय असें पाहणाऱ्याला वाटावें. ड्रॉइंग मास्तर म्हणाले, “हें पहिलें.” आम्ही दोघांनीं मान डोलाविली. काम संपलें असें वाटून डॉक्टरांनीं चहा मागविला.

इतक्यांत शेटजींचे मुनीम आले. त्यांच्या हातांत स्पर्धेचें छापील पत्रक होतें. त्यांतलें सातवें कलम त्यांनीं बोटानें दाखविलें. चित्रांत पुरस्कर्त्यांच्या तेलाचा डबा ओळखूं येईल असा दिसला पाहिजे, असें त्यांत स्पष्ट लिहिलें होतें. आम्ही तिघांनींहि तें पत्रक वाचलेंच नव्हतें. मुनीम अदबीनें म्हणाले, “मास्तर, चित्र चांगलंच आहे हो. पण डबा कुठं आहे?” डबा नव्हता. त्या म्हातारीच्या घरीं डबा असता तर तें चित्रच झालें नसतें.

पहिलें बक्षीस दुसऱ्या एका चित्राला गेलें. त्यांत डबा होता, त्याच्यावरचें चिन्ह होतें, अक्षरें सुबक होतीं, आणि दिवा डब्याच्या मागें कोठें तरी होता. आम्हां तिघांपैकीं कोणीहि उठून गेलें नाहीं. कोणी मोठ्यानें बोललेंहि नाहीं. ड्रॉइंग मास्तर एवढेंच पुटपुटले, कीं नियम तो नियम. आणि तें मला पटलें असें दाखविणें सोयीचें होतें, कारण पुढच्याच महिन्यांत शाळेच्या वाचनालयासाठीं त्याच शेटजींकडे दोन कपाटें मागावयास मला जावयाचें होतें. कपाटें मिळालीं. हें मी आज प्रथमच कोणापाशीं बोलत आहें.

समारंभ संपल्यावर मांडवाबाहेर तो मुलगा उभा होता. बारीक अंगाचा, बाहीला रंग लागलेला, चित्राची गुंडाळी काखेंत. त्याच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. “सर, माझ्या चित्रांत काय कमी होतं?” एवढेंच त्यानें विचारलें. ‘डबा’ हें उत्तर माझ्या तोंडून निघेना, आणि दुसरें उत्तर मजपाशीं नव्हतें. कारण काय कमी आहे अशा नजरेनें आम्ही तें चित्र पाहिलेंच नव्हतें. “छान होतं रे. पुढच्या वर्षी पुन्हा भाग घे,” असें कांहीं तरी मी बोललों. पुढच्या वर्षीं तो आला नाहीं.

पुष्कळ दिवस मी ह्या प्रसंगाचा दोष शेटजींच्या माथीं मारीत असें. आज मला त्यांचा दोष अर्धाच वाटतो. त्यांनीं आपली अट छापून सांगितली होती. जाहिरातीसाठींच चित्र हवें असेल तर तसें चित्र पैसे देऊन काढून घेण्यांत कांहीं पाप नाहीं. रंगाऱ्याला त्यावर पोट भरतां येतें. अन्याय झाला तो जाहिरातीच्या कामाला कलेच्या बक्षिसाचें नांव दिल्यानें. आणि दुसरा अर्धा दोष आम्हां परीक्षकांचा. जरी मुनीम आले नसते आणि त्या मुलाला पहिलें बक्षीस मिळालें असतें, तरी त्याचें चित्र कोठें उत्तम आहे आणि कोठें लंगडें आहे, हें आम्ही त्याला सांगूं शकलों असतों का? पांच हजार रुपये घेऊन तो आनंदानें घरीं गेला असता, पण त्याच्या प्रश्नाचें उत्तर त्याला तेव्हांहि मिळालें नसतें.

म्हणून दात्यांना माझें सांगणें असतें, कीं नांव खुशाल द्या. आईचें द्या, वडिलांचें द्या, पेढीचें द्या. कृतज्ञतेनें तें उच्चारलें जाईल. पण विषय तुम्ही ठरवूं नका, परीक्षक तुम्ही नेमूं नका, आणि निकाल लागेपर्यंत त्या खोलींत तुमचा मुनीमहि येऊं देऊं नका. नांवानें बक्षीस बिघडत नाहीं. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक ह्या संस्थेनें १९६३ सालीं महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीं एकांकिकांची स्पर्धा सुरू केली. तिचा करंडक पुरुषोत्तम रामचंद्र ऊर्फ आप्पासाहेब वझे यांच्या स्मरणार्थ ठेवलेला आहे. आज कॉलेजांतलीं मुलें ‘पुरुषोत्तम’ एवढेंच म्हणतात. पावसाळाभर तीं त्याच्या पायीं अभ्यास, झोंप आणि घरच्यांचीं बोलणीं विसरून तालमी करतात. करंडकांत भरून कोणी मोहरा देत नाहीं. तरी त्याच्या जोरावर पुण्यांतल्या किती तरी मुलांनीं आपल्याला नट म्हणविण्याचें धैर्य केलें आहे.

ह्याच स्पर्धेंत २०२२ सालीं एक गोष्ट घडली, आणि तिच्यावर महाराष्ट्रभर बरीच गरमागरम चर्चा झाली. अंतिम फेरी पाहून परीक्षकांनीं करंडकाच्या योग्यतेची एकहि एकांकिका नाहीं असें ठरविलें, आणि करंडक कोणालाच दिला नाहीं. कोणी म्हणाले, हा मुलांच्या मेहनतीचा अपमान. कोणी म्हणाले, बरें झालें, कोणी तरी खरें बोललें. माझ्या घरींहि दोन तट पडले. माझी नात नाटकवेडी आहे. तिनें दोन दिवस माझ्याशीं अबोला धरला. मी परीक्षकांच्या बाजूचा आहें. ज्या बक्षिसाला ‘यंदा कोणालाच नाहीं’ असें म्हणण्याची मुभा असते, तेंच बक्षीस मिळाल्यावर कांहीं तरी मिळालें असें होतें. आणि ही मुभा पैशाच्या जोरावर उभ्या केलेल्या महोत्सवांत उरत नाहीं, हें आपण लक्षांत घ्या. तेथें पुठ्ठ्याचा चेक आधींच छापून झालेला असतो, पाहुणे बोलावलेले असतात, छायाचित्रकार ठरलेला असतो. त्या चेकवर लिहावयास कोणाचें तरी नांव लागतेंच. परीक्षक बिचारे काय करणार! ते वाईटांतलें बरें निवडतात, आणि त्या पोराला आपण शिखरावर पोंचलों असें वाटून तो तेथेंच बसतो.

नातीचें म्हणणें मात्र मीं सोडून दिलें नाहीं. ती म्हणाली, “आजोबा, नाहीं म्हणा, पण मग रात्रभर बसून आम्हांला सांगा ना, कां नाहीं तें.” ह्यावर मजजवळ उत्तर नव्हतें, कारण हाच प्रश्न मला मांडवाबाहेर पूर्वीं एकदां विचारला गेला होता. बक्षीस देणें न देणें हें एका रात्रीचें. पण चाळीस स्पर्धकांपैकीं एकोणचाळीसजण रिकाम्या हातांनीं परत जातात, त्यांच्यासाठीं महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेंत एक तासहि राखलेला मीं क्वचितच पाहिला आहे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं परीक्षकांनीं चटईवर बसावें आणि एकेकाला जवळ बोलवावें. ह्याला खर्च फक्त चहाचा. एखाद्या दात्यानें ह्या चहाला आपलें नांव द्यावें. मी टाळ्या वाजवीन.

पैशाच्या रूपाविषयींहि थोडें बोललें पाहिजे. संगीत नाटक अकादमीनें २००६ सालीं उस्ताद बिस्मिल्ला खान यांच्या नांवानें तरुण कलावंतांसाठीं पुरस्कार सुरू केला. त्याची वयाची मर्यादा चाळीस वर्षें आणि रक्कम २५,००० रुपये. चाळीस वर्षांचा तरुण, म्हणून कोणी हंसेल. पण ख्यालगायकींत चाळिशीला गळा कोठें उमलूं लागतो, तेव्हां ही मर्यादा घालणाऱ्याला गाण्यांतलें कळत होतें. चित्रांचें निराळें, नाटकाचें निराळें. एकच वय आणि एकच रक्कम सगळ्या कलांना लावणारे महोत्सव पाहिले, कीं सगळ्या मुलांना एकाच मापाचे बूट वांटणाऱ्या शाळाखात्याची मला आठवण होते. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांत बेंद्रे आणि हुसेन ह्या दोन थोर चित्रकारांच्या नांवची शिष्यवृत्ति तरुणांना दिली गेली आहे. शिष्यवृत्ति हा शब्दच मला बक्षिसापेक्षां बरा वाटतो. बक्षीस झालेल्या कामाचें, शिष्यवृत्ति व्हावयाच्या कामाची. रोख रक्कम घरांत गेली, कीं ती बहिणीच्या लग्नांत किंवा बापाच्या औषधांत जिरते, आणि जिरावीच. तो काय दोष आहे? पण त्याच पैशांतून कोणी त्या पोराचें वर्षभराचें वसतिगृह भागविलें, रंग आणि कॅनव्हास घेऊन दिले, किंवा दुसऱ्या गांवच्या गवयाकडे आठवड्यांतून एकदां जाण्यायेण्याचें भाडें दिलें, तर त्याला लागते ती गोष्ट मिळते. आणि ती म्हणजे वेळ. आणखी एक. स्पर्धकांकडून प्रवेशफी घेणें, चौकटीचा आणि चित्र पाठविण्याचा खर्च त्यांच्यावर टाकणें, आणि त्याच फीमधून बक्षीस देऊन वर दात्याचें नांव मिरविणें, हा प्रकार मीं दोन ठिकाणीं डोळ्यांनीं पाहिला. त्याला काय म्हणावें हें मी श्रोत्यांवर सोपवितों.

तीन वर्षांपूर्वीं एका लग्नाच्या निमित्तानें त्या तालुक्याच्या गांवीं मला पुन्हां जावें लागलें. बाजारपेठेंत एका दुकानावर हातानें रंगविलेली पाटी दिसली. हल्लीं छापील फ्लेक्सच्या दिवसांत तशी पाटी दुर्मिळ, म्हणून थांबलों. आंतून एक चाळिशी ओलांडलेला माणूस बाहेर आला, वांकून नमस्कार केला आणि म्हणाला, “सर, ओळखलंत का?” मीं ओळखलें नाहीं. त्यानें मला आंत नेलें. नाटक मंडळ्यांचे पडदे, देवळांतलीं चित्रें, दुकानांच्या पाट्या, असें सगळें काम तो करतो. दोन पोरें हाताखालीं आहेत. मागच्या भिंतीवर, कांचेंत घालून, ती म्हातारी होती. धार तशीच बारीक.

मी कांहीं तरी बोलणार, तोंच तोच म्हणाला, “सर, ह्यांत काय कमी होतं तें मला नंतर कळलं. पणती खालीं जमिनीवर आहे आणि उजेड आजीच्या कपाळावर वरून पडलाय. हनुवटीखालीं पडायला हवा होता. दोन वर्षं लागलीं कळायला. सांगणारं कोणी नव्हतं ना.”

मीं चष्मा पुसून पाहिलें. खरेंच होतें. आम्ही तिघे परीक्षक त्या चित्रापुढें चांगली दहा मिनिटें उभे होतों.